वेष्टनाची मागची बाजू

दुकानाच्या फळीवर मांडलेल्या प्रत्येक प्रसाधनाला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूवर केशराच्या काड्या, बदाम, चंदनाचे खोड आणि एखादा प्रसन्न चेहरा असतो. मागच्या बाजूवर अगदी बारीक अक्षरांत पंधरा-वीस नावांची एक रांग असते. बहुतेक ग्राहक पुढची बाजू पाहून वस्तू निवडतात आणि मागची बाजू वाचण्याचा प्रयत्नही करीत नाहीत. ती भाषा रसायनशास्त्रज्ञांची आहे, सामान्य माणसाला तिचा उपयोग नाही, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि ती केवळ पैशाचे नव्हे तर प्रसंगी शरीराचेही नुकसान करते. ती रांग वाचता येणे हे भिंग, तराजू किंवा तापमापक वाचता येण्याइतकेच साधे कौशल्य असून ते शाळेतच शिकविले गेले पाहिजे.

यादीचा क्रम

भारतात प्रसाधनांवर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे नियंत्रण आहे. मूळ कायदा केवळ औषधांसाठी होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात प्रसाधनांचा समावेश झाला. पुढे २०२० साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली जाहीर झाली. तिच्यानुसार घटकांची यादी वाटेल तशी छापता येत नाही. जे घटक एक टक्क्याहून अधिक आहेत त्यांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात; जे एक टक्का किंवा त्याहून कमी आहेत ते त्यांच्यानंतर, परंतु कोणत्याही क्रमाने, देता येतात.

हा एवढा नियम ध्यानात ठेवला तरी पुष्कळ उलगडा होतो. एखाद्या मलमाच्या यादीत पहिले नाव पाण्याचे असेल, तर त्या डबीत इतर कोणत्याही एका पदार्थापेक्षा पाणी अधिक आहे, हे निश्चित समजावे. फिनॉक्सिएथॅनॉल नावाचे परिरक्षक द्रव्य अनेक याद्यांत आढळते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार त्याचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असता कामा नये. ही मर्यादा पाळलेल्या मलमाच्या यादीत फिनॉक्सिएथॅनॉलच्या नंतर केशर किंवा बदामाचे तेल आलेले दिसले, तर त्यांचेही प्रमाण फार झाले तर एक टक्काच असणार, हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. पुढच्या बाजूवर ज्या केशराने निम्मी जागा व्यापलेली असते, त्याचे खरे स्थान मागच्या बाजूवर असे कळून येते.

तथापि एक सावधगिरी बाळगावयास हवी. प्रमाण अल्प म्हणजे परिणाम शून्य, असे नव्हे. रेटिनॉलसारखी द्रव्ये एक टक्क्याहूनही कमी प्रमाणात त्वचेवर परिणाम करतात. म्हणून यादीतील नावापुढे दोन प्रश्न विचारावे लागतात: हे द्रव्य किती आहे, आणि ते येथे कोणत्या कामासाठी आले आहे?

स्नो आणि कोल्ड क्रीम

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व एका जुन्या, घराघरांत परिचित असलेल्या उदाहरणावरून समजेल. आपल्याकडील दोन पिढ्यांनी ‘स्नो’ आणि ‘कोल्ड क्रीम’ ही दोन्ही प्रसाधने वापरली आहेत. मुंबईत तयार होणारा ‘अफगाण स्नो’ तर एके काळी या प्रकारचे सामान्यनामच होऊन बसला होता. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही मऊ, दोन्ही सुगंधी. मग एक उन्हाळ्यात बरा वाटतो आणि दुसरा थंडीत, असे का व्हावे?

स्नोमध्ये मुख्यतः पाणी असते. त्यात स्टिअरिक अम्ल हे चरबीपासून मिळणारे मेदाम्ल घालून त्याच्या काही भागाचे दाहक पोटॅशसारख्या अल्कलीने साबणात रूपांतर केलेले असते. तो साबण उरलेल्या मेदाम्लाचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवतो. स्नो चेहऱ्यावर चोळला की पाणी उडून जाते आणि स्टिअरिक अम्लाचा एक अतिशय पातळ, कोरडा थर मागे राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मलम ‘नाहीसे झाले’ असे वाटते. त्यावर पावडर चांगली बसते. मात्र कोरड्या, फुटलेल्या त्वचेला त्याचा फारसा आधार मिळत नाही.

कोल्ड क्रीमची परंपरा पार दुसऱ्या शतकातील गॅलेन या ग्रीक वैद्यापर्यंत मागे जाते. मधमाश्यांचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी घोटून तो ते करीत असे. पुढे मेणातील अम्लांशी संयोग पावणारा टाकणखार त्यात आला आणि पायस अधिक टिकाऊ झाले. येथे तेल व मेण यांचा वाटा मोठा असतो. पाणी उडून गेले तरी स्निग्ध थर त्वचेवर राहतो आणि त्वचेतील पाणी बाहेर जाऊ देत नाही. थंडीत हवा कोरडी असते, त्वचेतील पाणी झपाट्याने उडते, आणि म्हणूनच त्या दिवसांत हे आवरण उपयोगी पडते.

या दोन डब्यांची तुलना करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर मृत पेशींचा बनलेला असतो. त्याला मऊ राहण्यासाठी पाण्याची गरज असते, तेलाची गरज असते ती हे पाणी राखण्यासाठी. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मलमात चार-पाच कामे करणारे घटक सापडतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. पेट्रोलियम जेली, मेण किंवा तेल पाण्यावर झाकण घालते. पायसीकारक द्रव्य तेल व पाणी यांना एकत्र नांदवते. परिरक्षक द्रव्य जिवाणू व बुरशी यांना वाढू देत नाही. उरले ते सुगंध व रंग. त्यांचा उपयोग नाकाला व डोळ्यांना, त्वचेला नव्हे. ज्याला सुगंधी द्रव्यांनी पुरळ उठते त्याच्या दृष्टीने तर ‘सुगंध’ हा यादीतील सर्वांत महत्त्वाचा शब्द होय. कामांप्रमाणे घटकांचे असे गट पाडून दोन याद्या शेजारी ठेवल्या, की किमतीत मोठे अंतर असलेल्या दोन डब्यांतील मुख्य घटक पुष्कळदा तेच असल्याचे आढळून येते.

साबण की साबणासारखे?

साबणाच्या बाबतीत तर तुलनेचे काम भारतीय मानक संस्थेने आधीच सोपे करून ठेवले आहे. अंगाच्या साबणात एकूण मेदद्रव्य किती टक्के आहे यावरून त्याची प्रत ठरते. पहिल्या प्रतीत ते किमान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६० असावे लागते. या मानकाखेरीज ‘स्नानवडी’ अशा अर्थाच्या नावाने विकला जाणारा एक वेगळा वर्ग आहे. त्यासाठी किमान मर्यादा ४० टक्क्यांची आहे. त्याच आकाराच्या, त्याच सुगंधाच्या दोन वड्यांपैकी एक साबण आणि दुसरी स्नानवडी असू शकते, आणि वेष्टनावरील दोन-तीन शब्दांखेरीज हा भेद कळण्याचा मार्ग नाही.

याचा अर्थ स्नानवडी टाकाऊच असते असा मात्र नाही. काही वड्यांत साबणाऐवजी दुसरी सौम्य क्षालक द्रव्ये घातलेली असतात. साबण हा अल्कधर्मी असतो. शिवाय विहिरीच्या कठीण पाण्यात त्याचा कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो. ही द्रव्ये तसा साका धरीत नाहीत. म्हणजे मेदद्रव्याचा आकडा एकटा पुरेसा नाही. परंतु ज्या वडीत मेदद्रव्याची जागा केवळ शंखजिऱ्यासारख्या भरीने घेतली आहे, ती लवकर झिजते आणि स्वस्तात घेतलेली वस्तू अखेरीस महाग पडते. आकडा आणि यादी दोन्ही एकत्र वाचली तरच न्याय होतो.

‘नैसर्गिक’ या शब्दाची मोहिनी

अलीकडे वेष्टनांवर ‘नैसर्गिक’ आणि ‘रसायनविरहित’ हे दोन शब्द फार मिरवताना दिसतात. यांपैकी दुसरा शब्द सर्वस्वी निरर्थक आहे. पाणी हेही रसायनच, आणि हळदीतील पिवळे कुर्क्युमिन हेही रसायनच. हळदीवर चुन्याची निवळी घातली की ती लाल होते. घरोघरी होणारा हा चमत्कार म्हणजे एक शुद्ध रासायनिक विक्रिया असून जुन्या पद्धतीचे कुंकू तिच्यावरच आधारलेले आहे. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक अम्लाचा असतो. त्याच्या रेणूत बारा कार्बन अणूंची साखळी असते. शांपूतील ज्या सोडियम लॉरिल सल्फेटला ‘रसायन’ म्हणून नावे ठेवली जातात, त्याच्या रेणूतही हीच साखळी असते, आणि ते बहुधा नारळाच्या किंवा ताडवर्गातील बियांच्या तेलापासूनच बनते. ते कोरड्या त्वचेला चुरचुरते हे खरे; परंतु त्याचे कारण त्याचा जन्म कारखान्यात झाला हे नसून ते मेद फार जोराने धुऊन काढते हे आहे.

उलटपक्षी, निसर्गातून आलेल्या सर्वच वस्तू निर्धोक नसतात. डोळ्यांत घालण्याच्या सुरम्यासाठी परंपरेने वापरले जाणारे गॅलेना हे खनिज म्हणजे शिशाचा सल्फाइड होय. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आणि हिंगूळ हा पाऱ्याचा सल्फाइड. मूर्तीला लावावयाचा शेंदूर आणि कपाळी लावावयाचे हळदीचे कुंकू यांत रंगाचे साम्य असले, तरी शरीराच्या दृष्टीने त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. मेंदीचेही तसेच. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे द्रव्य तांबूस तपकिरी रंग देते; ते काळा रंग देऊ शकत नाही. जत्रेत वा लग्नघरी मिळणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त पॅराफेनिलीनडायअमीन हा केसांच्या कलपातील रंगघटक मिसळलेला असण्याचा मोठा संभव असतो, आणि त्यामुळे काहींच्या हातावर फोड उठतात. एवढेच नव्हे, तर एकदा अशी अधिहर्षता जडली की पुढे आयुष्यभर केसांना कलप लावणेही त्रासाचे होऊन बसते.

जेथे यादीच नसते

आतापर्यंतची चर्चा पैसा व सोय यांची होती. परंतु या विषयाला एक गंभीर बाजू आहे.

त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचे तांबेयुक्त एंझाइम लागते. पाऱ्याची संयुगे या एंझाइमचे कार्य बंद पाडतात. त्यामुळे पारायुक्त मलम लावणाऱ्याचा वर्ण थोड्याच दिवसांत उजळतो आणि त्याचा मलमावर विश्वास बसतो. दरम्यान पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोहोचत असतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील वैद्यांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्या विकारात मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने मूत्रावाटे वाहून जातात. त्यांपैकी १५ रुग्णांमध्ये विकाराचा एक क्वचित आढळणारा प्रकार दिसला, आणि त्या पंधरांपैकी तेरांनी वर्ण उजळविणारी मलमे वापरली असल्याचे सांगितले. मलम बंद केल्यावर बहुतेकांचा विकार ओसरला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

भारतीय नियमांनी प्रसाधनात पारा घालण्यास मनाई केली आहे. अनवधानाने आलेला पाराही, डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडल्यास, दशलक्षात एका भागाहून अधिक चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील राष्ट्रांनी २०२३ साली असे ठरविले, की पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद व्हावीत. पण कायदा डबीवर आपण होऊन जाऊन बसत नाही. अशा मलमांवर पुष्कळदा घटकांची यादी नसते, उत्पादकाचा पत्ता नसतो, परवान्याचा क्रमांक नसतो. जेथे यादीच नाही, तेथे ती नसणे हीच सर्वांत महत्त्वाची माहिती होय. बाहेरून आलेल्या वस्तूवर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक नसेल, तर ती वस्तू फळीवरच राहू द्यावी. वैद्याने चिठ्ठीवर दिलेले स्टेरॉइडयुक्त मलम शेजारणीला ‘गोरेपणाचे’ म्हणून देणे हाही याच जातीचा धोका आहे. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा निर्बंध २०१८ साली घालण्यात आला, तो उगीच नव्हे.

१९७५ साली भारतीय बाजारात आलेल्या एका अतिशय खपाच्या मलमाच्या नावातील गोरेपणाचा वाचक शब्द २०२० साली गाळण्यात आला. नाव बदलले हे चांगलेच झाले. पण वर्णाविषयीचा न्यूनगंड मनात कायम असेल, तर मनुष्य नावाजलेली डबी सोडून निनावी डबीकडे वळेल. म्हणून ज्ञानाबरोबर विवेकही वाढला पाहिजे.

अर्धवट ज्ञानाचा आक्षेप

यावर काही जाणकार असा आक्षेप घेतात, की सामान्य माणसाच्या हाती याद्या दिल्याने तो शहाणा न होता भयभीत होईल. लांबलचक नाव दिसले की तो त्याला विष समजेल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि पॅराबेन नावाच्या परिरक्षकांची कथा त्याची साक्ष देते. या द्रव्यांविषयी शंका निघाल्यावर युरोपीय संघाने २०१४ साली त्यांतील पाच प्रकार वर्ज्य ठरविले. मिथिल व एथिल पॅराबेन मात्र ठरावीक मर्यादेत निर्धोक म्हणून कायम ठेवले. लोकांनी हा भेद लक्षात न घेता सरसकट सर्वच पॅराबेनांचा धसका घेतला. मग काही उत्पादकांनी त्यांच्याऐवजी मिथिलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक घेतले. त्याने इतक्या लोकांच्या त्वचेला त्रास झाला, की त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत ते वापरण्यास युरोपीय संघाला २०१६ साली बंदी करावी लागली. एका अर्धवट समजुतीने अधिक त्रासदायक पर्यायाला वाट करून दिली.

परंतु यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? यादी झाकून ठेवावी असा की ती नीट वाचावयास शिकवावे असा? पोहता न येणारा मनुष्य बुडतो म्हणून विहिरीला कुलूप लावीत नाहीत. द्रव्याचे नाव, त्याचे काम, त्याचे प्रमाण आणि ते त्वचेवर राहणार की धुतले जाणार, हे चार प्रश्न विचारण्याची सवय लागली, की भीती व भाबडेपणा दोन्ही कमी होतात.

करावयाचे ते काय?

पहिली मागणी कायद्याकडे आहे. सध्याच्या नियमांत ६० मिलिलिटरहून लहान द्रव वेष्टनांना व ३० ग्रॅमहून लहान घन वा अर्धघन वेष्टनांना घटकांची यादी छापण्यापासून सूट आहे. जागा अपुरी पडते, हे या सवलतीचे समर्थन वरवर पटण्याजोगे आहे. पण लहान पुड्या कोण विकत घेतो? ज्याला मोठी बाटली परवडत नाही तो. म्हणजे ज्याला फसविले जाण्याचा संभव अधिक आणि नुकसान सोसण्याची शक्ती कमी, त्यालाच माहिती नाकारली जाते. पुडीवर जागा नसेल, तर दुकानदाराकडे येणाऱ्या पुड्यांच्या माळेवर किंवा खोक्यावर यादी छापता येईल. हे अशक्य नाही.

दुसरी मागणी लिपीची आहे. घटकांची नावे बहुधा रोमन लिपीत असतात. आंतरराष्ट्रीय नावे बदलू नयेत हे योग्यच. परंतु ती देवनागरीत किंवा त्या त्या प्रांताच्या लिपीत लिहिण्यास आणि प्रत्येकापुढे ‘परिरक्षक’, ‘पायसीकारक’, ‘सुगंध’ असा एक शब्द जोडण्यास कोणती अडचण आहे?

तिसरे काम शाळांचे व ग्रंथालयांचे आहे, आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. वर्गातील मुलांनी घरची रिकामी वेष्टने आणावीत, फळ्यावर दोन याद्या शेजारी शेजारी लिहाव्यात आणि प्रत्येक नावापुढे त्याचे काम लिहावे. हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी घालून त्याची अल्कधर्मिता पाहावी. नळाच्या व विहिरीच्या पाण्यात साबणाचा फेस किती येतो ते पाहावे. ग्रंथालयाने नेहमीच्या पन्नास घटकांचा तक्ता भिंतीवर लावावा. मुलांच्या त्वचेवर मात्र कोणताही अनोळखी पदार्थ लावून पाहू नये.

सौंदर्याची हौस ही माणसाच्या ठायी स्वाभाविक आहे आणि तिची टवाळी करण्याचे कारण नाही. गंध, कुंकू, मेंदी, उटणे यांनी आपले सण सजलेले आहेत. प्रश्न एवढाच आहे, की जी वस्तू रोज अंगाला लागते तिच्यात काय आहे हे लावणाऱ्याला माहीत असावे की नसावे. ज्या मुलीने शाळेत एकदा वेष्टनाची मागची बाजू वाचली असेल, ती पुढे बिननावाची डबी हाती आली असता ती प्रथम उलटून पाहील. मागे काही लिहिलेले नाही असे आढळले, तर ती डबी दुकानदाराला परत करील.